फील्डच्या नोकरीसाठी कपडे, बूट, रेनकोट: कमी पैशात आधी काय घ्यावं?

माणदेशी_लेक
नमस्कार मंडळी. कृषी सेवक म्हणून निवड झालीये, अमरावती विभाग मिळालाय आणि नेमणूक यवतमाळ जिल्ह्यात आहे, जूनच्या सुरुवातीला हजर व्हायचंय. मी सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातली, त्यामुळे उन्हाची सवय आहे पण विदर्भात कधी राहिले नाही आणि काळ्या जमिनीतला पावसाळा तर अजिबातच माहीत नाही.

कामाचं स्वरूप असं की सकाळी ऑफिस, मग स्कूटीवर गावं फिरायची, बांधावर शेतकऱ्यांशी बोलायचं, शेतीशाळा घ्यायची, अतिवृष्टी झाली की तलाठी आणि ग्रामसेवकांबरोबर पंचनामे, नंतर उत्पादन मोजायचे पीक कापणी प्रयोग, आणि यात मधेच दुपारी फोन येतो की तालुक्याला मीटिंग आहे या, म्हणजे ज्या कपड्यांत चिखलात उतरायचं त्याच कपड्यांत साहेबांसमोर बसायचं. मानधन महिना १६ हजार, त्यात रूमचं भाडं, पेट्रोल, घरी थोडे पाठवायचे. कपडे, बूट, रेनकोट सगळं मिळून सहा-सात हजारांत बसवायचंय आणि तेही एकदम नाही, दोन-तीन महिन्यांत थोडं थोडं. सध्या जवळ कॉलेजच्या जीन्स आहेत, लेगिंग्ज आहेत, पाच-सहा कुर्त्या आणि एक कापडी स्लिप-ऑन बूट.

जे खरंच अशी नोकरी करतात त्यांनी सांगा, आधी कशावर पैसे घालू आणि काय घेऊच नको?

वावरवाला_दारव्हा
ताई अभिनंदन, आमच्या जिल्ह्यात स्वागत आहे. मी शेतकरी आहे, आमच्या इथे येणाऱ्या कृषीच्या पोरी-पोरं दरवर्षी पाहतो म्हणून सांगतो, पहिले पैसे जोड्यांवर घाला, कपडे मागून. तुमचा तो कापडी स्लिप-ऑन रूमवर ठेवून द्या. इथली जमीन काळी, चिकट, जूनमध्ये दोन पाणी पडले की वावरात पाय टाकला का चिखल जोड्याला चिकटते आणि पाऊल टाकाल तसा थरावर थर चढते, दहा तासं म्हणजे पिकाच्या ओळी पार करेपर्यंत एकेका पायाला किलोभर माती लागते. सैल जोडा असला तर पाय वर येते अन् जोडा खालीच राहते.

दुसरी गोष्ट खुंट. मागच्या वर्षीची पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं उपटून काढली तरी तुरीचे खुंट राहतेच, तिरपे कापलेले, टोकदार. पातळ तळव्यातून आरपार जाते. बाभळीचा काटा, बोराटीचा काटा हे वेगळेच. म्हणून तळवा जाड पाहिजे आणि घोटा झाकला पाहिजे. साप पण आहे इथे, घोणस पऱ्हाटीच्या बुडाशी पालापाचोळ्यात पडून राहते, दिसत नाही. चप्पल, सँडल घालून वावरात उतरू नका, भले शेतकरी स्वतः अनवाणी असला तरी.

माझा सल्ला दोन जोड. एक गमबूट, पीव्हीसीचा, कृषी केंद्रात किंवा हार्डवेअरच्या दुकानात तीन-चारशेत मिळते, नडगीला घट्ट बसणारा पाहून घ्या. दुसरा जंगल बूट, तो हिरवा कॅनव्हासचा लेसवाला, वनरक्षक घालते तो, आर्मी स्टोअरमध्ये पाचशे ते सातशेच्या दरम्यान भेटते. हलका असते, घोटा झाकते, तळवा जाड रबराचा, आणि धुतला की दुसऱ्या दिवशी वाळते.

ट्रेकवेडा_पुणे
वरच्याशी सहमत बुटांबद्दल. कपड्यांचं म्हणाल तर सरळ ट्रेकिंगच्या क्विक ड्राय पँट घ्या, डेकॅथलॉनमध्ये साधी पँट हजाराच्या आसपास येते, दोन घेतल्या की वर्षभर बघायला नको, रात्री धुतली पंख्याखाली टाकली सकाळी कोरडी. वर ड्राय फिटचे टीशर्ट, तीनशे-चारशेला एक. मी सह्याद्रीत भर पावसात हेच वापरतो, कॉटन भिजलं की जड होतं आणि अंगाला चिकटून राहतं, ट्रेकर लोक कॉटन टाळतात ते उगाच नाही.

सुईदोरा
ट्रेकवेडा, ट्रेकला ते बरोबर आहे पण ताईला मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत स्कूटीवर फिरायचंय हो, ते वेगळं गणित आहे. मी बार्शीत शिवणकाम करते, आमच्याकडे आशाताई, बचत गटाच्या बायका, शाळेतल्या शिक्षिका सगळ्या येतात म्हणून कापडाचं सांगते.

सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल हवेतूनच धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे घाम सुती कपडा शोषून घेतो, हळूहळू वाळवतो आणि अंग गार राहतं. पॉलिस्टरवर घाम पसरतो, वारा असेल तर पटकन वाळतो पण दमट हवेत कपाशीत उभं राहिलात की आतल्या आत वाफ कोंडते. शिवाय पॉलिस्टरला घामातलं तेल धरून बसतं, कितीही धुवा काखेचा वास जात नाही, दुपारच्या मीटिंगला ते नको वाटतं.

पण एक मोठी फसवणूक सांगते, बाजारात तीनशे-साडेतीनशेला "कॉटन कुर्ती" म्हणून जी मऊ, लोंबती, फुलाफुलांची कुर्ती मिळते ना ती बहुतेक वेळा रेयॉनची असते. हातात गार लागते म्हणून पोरी घेतात. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद खूप कमी होते, काट्यात अडकलं की फाटतं आणि दोन धुण्यांत आखडतं. धागा जाळून बघितला तर सुती आणि रेयॉन दोन्ही कागदासारखेच जळतात, त्यामुळे त्यानं कळत नाही, पॉलिस्टर तेवढं कळतं कारण ते वितळून कडक मणी होतो. रेयॉन ओळखायचं तर शिवणीच्या आत राहिलेल्या कापडाचाच एक धागा काढा (शिलाईचा दोरा नाही), मधे थुंकी लावून ओला करा आणि ओढा. ओल्या जागी पटकन तुटला तर रेयॉन. सुती धागा ओला झाल्यावर उलट जास्त चिवट होतो.

म्हणून माझं म्हणणं रेडिमेडच्या नादी न लागता कटपीसच्या दुकानातून कॅम्ब्रिक नाहीतर पॉपलीन असं साधं सुती कापड घ्या, शंभर रुपये मीटरच्या आगेमागे मिळतं, गुडघ्यापर्यंतच्या फुल बाहीच्या कुर्तीला अडीच मीटर लागतं. आदल्या रात्री बादलीत भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा आणि मग टेलरकडे द्या, नाहीतर शिवल्यावर आखडून छातीत बसतं. कापड-शिलाई धरून पाचशे-साडेपाचशेत कुर्ती होते आणि तीन पावसाळे टिकते.

अण्णा_निवृत्त
मुली, अभिनंदन. मी कृषी खात्यातच होतो, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. वरच्यांनी सांगितलं ते योग्यच आहे, मी एक भर घालतो. गावात नवा माणूस आला की लोक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग त्याचं ऐकतात. टीशर्ट आणि ट्रॅक पँट घालून ग्रामसभेत उभं राहिलं तर बोलणं कितीही बरोबर असो, म्हातारी माणसं कान देत नाहीत. कपडे साधे असू द्या, जुने असू द्या, पण कॉलर असावी, इस्त्री असावी आणि ओळखपत्र गळ्यात असावं. पंचनाम्याच्या वेळी तर नक्कीच, त्या घरात पीक गेलेलं असतं, तिथं आपण गंभीरपणे आलोय हे दिसलं पाहिजे.

जीन्सला माझा विरोध नाही, पण पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही हे खरं आहे.

वीटसिमेंट
मी साईट इंजिनिअर आहे, रस्त्याच्या कामावर, बाई आहे आणि गेली बरीच वर्षं हेच करतेय. अण्णा म्हणतात ते कॉलरचं शंभर टक्के खरं, मजूर असो की सरपंच, फरक पडतो.

ताई कोणी तुम्हाला सेफ्टी शूज घ्या म्हणेल, आयएस १५२९८ छाप असलेले, पुढे स्टीलची टोपी असलेले. आम्हाला ते कंपलसरी आहेत कारण टोपी २०० जूलचा मार सहन करते, पायावर सळई पडली तर बोटं वाचतात. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, जड असतात, दिवसभर शेतात चालून पोटऱ्या भरून येतील. जंगल बूटच बरा. फक्त बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि जे मोजे रोज घालणार ते घालून बघा.

आता पँट. बायकांच्या रेडिमेड पँटला खिसेच नसतात आणि असले तरी दोन बोटं जातील एवढे. मी पुरुषांच्या टेलरकडून शिवून घेते. कॉटन ड्रिल किंवा ट्विल म्हणजे तिरप्या विणीचं जाड कापड, ५८ इंच पन्ह्याचं सव्वा-दीड मीटर पुरतं, खाकी, मातकट, गडद हिरवा असा रंग, शिलाई चारशे-साडेचारशे. टेलरला स्पष्ट सांगायचं की खिसा नऊ इंच खोल, खिशाचं कापड जाड, उजव्या मांडीवर एक झाकणाचा खिसा मोबाईलसाठी, आसनाला दुहेरी टीप आणि मागच्या शिवणीत दोन इंच कापड राखून ठेव, वजन कमीजास्त झालं तर सोडता-घेता येतं. आधी टेलर म्हणेल मॅडम असं लेडीजला शोभत नाही, आपण ठाम राहायचं. तुम्हाला जिओटॅगचे, म्हणजे जागेची नोंद असलेले फोटो काढायला दर दहा मिनिटांनी फोन लागणार, तो पर्समधे शोधत बसलात की वैताग येतो. अशा दोनच पँट करा पण नीट करा.

लेगिंग्जबद्दल: फील्डवर नको. काट्यात लगेच धागे निघतात, डास त्यातून चावतात, कुसळं तर अशी रुततात की काढता येत नाहीत. घट्ट विणीच्या ड्रिलवर कुसळं टिकत नाहीत, हातानं झटकली की पडतात.

कोकणातली_सिस्टर
मी आरोग्य उपकेंद्रात एएनएम म्हणजे नर्स आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, वाड्यावस्त्यांवर चालत जावं लागतं. पाऊस आमच्याकडे तुमच्या तिप्पट तरी असतो म्हणून पावसाचं मी सांगते.

रेनकोट स्कूटीसाठी दोन भागांचाच घ्या, जॅकेट आणि पँट, कारण पोंचो वाऱ्यानं उडतो आणि चाकात जायची भीती. जॅकेट घेताना आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा, कापड कितीही चांगलं असलं तरी पट्टी नसेल तर खांद्याच्या शिवणीतूनच पाणी आत येतं. जॅकेट एक माप मोठं. स्वस्तातला पीव्हीसीचा सहाशे-सातशेत येतो, आत घाम येतो पण पाणी येत नाही, पहिल्या वर्षी तेवढा पुरे. ओला घडी घालून डिकीत ठेवला की चिकटतो आणि काळे ठिपके पडतात, आल्याआल्या वाळत टाकायचा.

पायांची काळजी जास्त महत्त्वाची. दिवसभर ओले मोजे राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, एकदा झाल्या की पूर्ण पावसाळा जात नाहीत. सुती मोज्यांचे सहा जोड घ्या, दोन कायम पिशवीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. दुपारी ऑफिसला आलात की पाय धुवून, बेचक्या कोरड्या करून मोजे बदला. गमबुटात मोजा बुटापेक्षा उंच हवा नाहीतर रबराची कड पोटरीला घासून सालटं निघतात. ओल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, झोपायच्या आधी एकदा बदला, सकाळी निम्मी ओल गेलेली असते.

आणि आता बायकांसाठी, मोकळेपणानं लिहिते कारण हे कोणी सांगत नाही. फील्डवर संडास-बाथरूमची सोय नसते. कुर्ती गुडघ्यापर्यंत आणि बाजूला चिरा असलेली असेल तर आडोशाला बसताना तिचाच आडोसा होतो, आखूड शर्ट असेल तर फार अवघडल्यासारखं होतं. पँटला पुढे चेन-बटण आणि मागे नेफ्यात इलॅस्टिक असं करून घ्या, पटकन खालीवर होते. पाळीच्या दिवसांत गडद रंगाची पँट, आणि डिकीत एक जुनी पँट, निकर, पॅड आणि काळी पिशवी कायम ठेवा. मी स्वतः पाळीचा कप वापरते, आठ-दहा तास काळजी नसते, पण सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात, आधी सुट्टीच्या दिवशी घरी करून बघा. पाणी पिणं मात्र कमी करू नका, आमच्याकडे लघवीच्या जळजळीनं येणाऱ्या निम्म्या पोरी बाहेर फिरायच्या नोकरीतल्या असतात आणि सगळ्या सांगतात की जायची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाही.

माणदेशी_लेक
किती मनापासून लिहिताय सगळे, खरंच आभारी आहे. सिस्टर, तुमचा मेसेज मी बरोबर निवड झालेल्या मैत्रिणींनाही पाठवला.

म्हणजे दोन ड्रिलच्या पँट, गमबूट आणि जंगल बूट हे पहिल्या महिन्यात. कुर्त्या किती लागतील? आणि उन्हासाठी वेगळं काही घ्यायचं का, माणमधे आम्ही फक्त स्कार्फ बांधतो.

कपाशीवाली
मी आर्णीकडची, बाबांची पंधरा एकर कपाशी आहे आणि मी स्वतः वेचायला जाते म्हणून लिहिते. उन्हासाठी सनकोट घ्या ताई, पांढरा सुती, इथे प्रत्येक स्कूटीवाली घालते, तीनशे-चारशेत येतो, मार्चपासून जूनपर्यंत अंगावरच असतो. आणि वावरात उतरताना काय घालायचं ते इथल्या बायकांकडे पाहा. वेचायला जाणारी प्रत्येक बाई लुगड्यावर नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना फुल शर्ट घालते, बाह्या मनगटापर्यंत बटन लावून. सकाळी पऱ्हाटीवर दव असते, तासात शिरलं की पोटापर्यंत ओलं होते, आणि उकललेल्या बोंडांची टोकं सुकून सुईसारखी झालेली असतात, हात सोलून निघतात. जुना शर्ट हे सगळं झेलतो आणि बाहेर आल्यावर काढून टाकला की आत तुमची कुर्ती मीटिंगसाठी स्वच्छ. तुमच्या बाबांचे कॉलर फाटलेले दोन शर्ट घेऊन या घरून, फुकटात काम होते. गाजर गवताची ॲलर्जी असेल तर त्यालाही हाच उपाय, त्या गवतानं माझ्या चुलतबहिणीच्या हातावर चट्टे आलेत.

रंग पिवळा घेऊ नका. तुम्ही ॲग्रीच्या आहात, पिवळे चिकट सापळे तुम्हीच आम्हाला लावायला सांगता, मावा आणि पांढरी माशी पिवळ्यावर येते ना, मग पिवळी कुर्ती घालून सप्टेंबरात कपाशीत उभं राहून बघा, बाहेर येईपर्यंत पाठीवर बारीक किड्यांचा थर. पांढरा चिखलानं जातो, काळा तापतो. आमच्या मातीत राखाडी, विटकरी, मेंदीचा हिरवा हे रंग चांगले राहतात. कैरीचा, केळीचा डाग लागला तर कपडा गेलाच समजा, तो निघत नाही.

ट्रेकवेडा_पुणे
हे जुन्या शर्टाचं माहीत नव्हतं, पटलं. पण माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली की सुती ड्रिल वाळणार कुठे? रूमवर एकच खोली, बाहेर पाऊस. तेव्हा एक क्विक ड्राय पँट असलीच पाहिजे.

सुईदोरा
हो, हे मान्य. जाड ड्रिल झडीत वाळत नाही. तेव्हा असं करा, दोन पँट ड्रिलच्या आणि एक टेरीकॉटची. टेरीकॉटमधे पॉलिस्टर आणि सुती मिसळलेलं असतं, लवकर वाळतं, चुरगळत नाही, इस्त्री नसली तरी चालतं, पूर्वी सगळे मास्तर आणि कंडक्टर तेच वापरायचे. कापड ट्रेकच्या पँटच्या निम्म्यात येतं.

वीटसिमेंट
फक्त ज्यांचं काम वेल्डिंगजवळ असतं त्यांनी पॉलिस्टर मिसळलेलं काहीच घालू नका, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. ताईला तो प्रश्न नाही, पण ही चर्चा इतर कोणी वाचत असेल म्हणून लिहिलं.

सुईदोरा
कुर्त्या किती ते राहिलं. जवळ ज्या पाच-सहा आहेत त्यातल्या सुती कोणत्या ते वर सांगितलं तसं बघा, त्या ठेवा, बाकीच्या सुट्टीला. नवीन तीनच शिवा, एकदम नाही, महिन्याला एक. कॉलरवाली, पुढे अर्ध्यापर्यंत बटणं, फुल बाही पण कोपरापर्यंत दुमडून बटण लावता येईल अशी पट्टी आतून, आणि बाजूच्या शिवणीत खिसा. काखेत चौकोनी जोडतुकडा घालायला सांगा, हात वर करून सापळा बांधताना किंवा स्कूटीचं हँडल धरताना पाठीत ताण येत नाही आणि तिथेच शिवण उसवते ती उसवत नाही. ओढणी घेऊ नका. फॅशन म्हणून नाही सांगत, चाकात ओढणी जाऊन होणारे अपघात मी ऐकलेत, पाहिलेत. स्कार्फ बांधा, टोकं सनकोटच्या आत.

नागपूरला जाणं झालं तर इतवारी-गांधीबागेत कापड स्वस्त मिळतं, पण मुद्दाम त्यासाठी जाऊ नका, भाड्यात जितकं वाचेल तितकं जाईल.

अण्णा_निवृत्त
खिशात एक छोटी वही आणि शिसपेन्सिल ठेवायला जागा करा. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिलचं लिहिलेलं टिकतं. मोबाईल बंद पडला की पंचनाम्याची नोंद वहीतच राहते.

माणदेशी_लेक
बाबांचे शर्ट काढून ठेवले, आई म्हणाली तीन घेऊन जा.

एक गंभीर प्रश्न राहिला. आम्हाला फवारणीच्या हंगामात शेतात जावंच लागतं, बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांत (वासानं नर पतंग ओढणाऱ्या) किती पतंग आले ते मोजायचं असतं, प्रात्यक्षिकं असतात. यवतमाळचं २०१७ चं सगळं आम्ही कॉलेजात शिकलोय. तेव्हाचे कपडे कसे असावेत आणि धुवायचे कसे? रूमवर एकच बादली आहे आणि मशीन नाही.

वावरवाला_दारव्हा
ताई हा प्रश्न विचारला हे फार चांगलं केलं. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, त्यात मजूर जास्त, कोणाच्या अंगावर पुरते कपडे नव्हते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, वर पंप धरून फवारलं की सगळं अंगावर पडायचं. औषध म्हणजे कीटकनाशक नाकातूनच जाते असं लोकांना वाटते, पण कातडीतून पण जाते, आणि ओला, घामेजलेला कपडा ते अंगाला लावून धरते.

म्हणून पहिलं, फवारा चालू असताना आणि पानं ओली असताना वावरात शिरू नका, बांधावरून बोला. किती वेळ थांबायचं ते डब्याच्या लेबलवर बघा, आणि त्रिकोणाचा रंग पाहा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. साहेब म्हटले तरी थांबा.

जावंच लागलं तर बाबांचा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटन, डोक्याला टोपी किंवा कापड, तोंडाला मास्क, आणि चामड्याचं काहीही नको, ना जोडा ना बेल्ट ना घड्याळाचा पट्टा, चामड्यात औषध मुरलं की निघत नाही. गमबूट घाला. आणि इथे एक उलटं करायचं, बाकी वेळी चिखलासाठी पँट बुटात खोचता ना, फवारणीच्या वेळी पँट बुटाच्या बाहेर ठेवा, म्हणजे वरून ओघळलेलं आत पायावर उतरत नाही.

आल्यावर कपडे खोलीत नेऊ नका. बाहेरच काढायची सोय करा, प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा, त्याच दिवशी धुवा. एक स्वस्तातली बादली वेगळी आणा, शंभर रुपयात येते, तिच्यावर खूण करा, तिच्यात दुसरं काहीच धुवायचं नाही. हातमोजे घालून आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग गरम पाणी आणि भरपूर पावडर, दोन वेळा, मग कडक उन्हात. ते पाणी विहिरीजवळ, हापशाजवळ सांडू नका. आणि समजा डब्यातलं न मिसळलेलं औषध कपड्यावर सांडलं, तर तो कपडा धुवायच्या भानगडीत पडू नका, तो गेला. म्हणूनच जुना शर्ट.

कोकणातली_सिस्टर
भर घालते. डोळ्यासमोर अंधारी, खूप लाळ, घाम, उलटी, बाहुली बारीक होणं, छातीत दाटल्यासारखं असं काहीही वाटलं तर कपडे लगेच काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा आणि थेट दवाखाना, डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो बरोबर. कोणतं औषध होतं ते डॉक्टरला कळलं की उपचार लवकर सुरू होतो. एकट्यानं स्कूटी चालवत जाऊ नका, कोणालातरी गाडीवर घ्यायला सांगा.

कपाशीवाली
आणि ताई आर्णीकडे नेमणूक आली तर मेसेज करा. आमच्याकडे पाठीमागे मोठं अंगण आहे, दोर बांधलेला आहे, झडीत पडवीत पण वाळत टाकता येते. टेलर पण आहे ओळखीचा, बायकांच्या पँटला नऊ इंचाचा खिसा लावून देतो, मी माझ्यासाठी लावून घेतलाय.